मूल हरवते तेव्हा वस्ती कोणाला शोधते?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या उपनगरातल्या वसाहतीत नऊ वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी शिकवणीहून घरी परतला नाही. साडेसात वाजता सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचा फोटो आला. अंगात निळा टी-शर्ट, खांद्याला दप्तर आणि खाली आईचा मोबाइल क्रमांक. आठ वाजून गेल्यावर कोणीतरी त्याच फोटोखाली एक ओळ जोडली, की दुपारपासून नाल्यापलीकडचे दोघेजण गेटजवळ घुटमळत होते. नऊच्या सुमारास जो मजकूर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या गटांतून आला, त्यात ‘सावधान, मुले पळवणारी टोळी आपल्या विभागात फिरत आहे’ हे वाक्य होते, त्या दोघांच्या धर्माचा उल्लेख होता, आणि मुलाचा फोटो व आईचा क्रमांक मात्र मधल्यामध्ये गळून गेला होता. मी खाली उतरलो तेव्हा वीसेक माणसांनी भंगारवाल्यांची एक हातगाडी अडवून धरली होती आणि गाडीवरची गोणपाटे एकेक करून उचकटून पाहिली जात होती. दोघांपैकी वयस्क माणूस हात जोडून उभा होता आणि त्याच्या हातातली तराजूची साखळी सारखी थरथरत होती. मी तिथे उभा होतो आणि काही बोललो नाही, याची खंत मला आजही आहे.

साडेदहाला मुलाचा पत्ता लागला. मित्राच्या नादाने तो लोकलमध्ये बसून कल्याणला गेला होता आणि परतीची गाडी न कळल्यामुळे फलाटावर रडत बसला होता. लोहमार्ग पोलिसांनी त्याला चौकीत बसवून घरी फोन केला होता. मुलगा परत आला, पण त्या दिवसापासून ती हातगाडी आमच्या गल्लीत आली नाही.

मूल हरवल्याची बातमी एखाद्या समाजाविरुद्धच्या रागात इतक्या झपाट्याने का बदलते आणि त्या बदलाची किंमत नेमकी कोण मोजते, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे. परदेशी बातम्यांत अशा वेळी ‘वांशिक तणाव’ हा शब्द येतो. मुंबईत तोच तणाव कधी धर्माच्या, कधी भाषेच्या, कधी ‘परप्रांतीय’ या शब्दाच्या, तर कधी भटक्या जमातींच्या नावाने उभा राहतो. नावे वेगळी असली तरी आतली घडण एकच आहे.

‘हरवले’ आणि ‘पळवले’ हे शब्द कायद्यात एकत्र का येतात

पहिला गोंधळ शब्दांपासूनच सुरू होतो. १८ वर्षांखालील मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली, की पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. वर्तमानपत्रात ‘अपहरणाचा गुन्हा दाखल’ असे छापून येते आणि वाचणाऱ्याला वाटते, की कोणीतरी मुलाला उचलून नेल्याचे पोलिसांना समजले आहे. वस्तुस्थिती तशी नसते.

‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी असा आदेश दिला, की मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर एफआयआर, म्हणजे गुन्ह्याची पहिली अधिकृत नोंद, झालीच पाहिजे आणि सुरुवातीला अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असेच गृहीत धरून तपास केला पाहिजे. चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर प्रकरण अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे सोपवायचे असते. या आदेशामागे कटू अनुभव होता. डिसेंबर २००६ मध्ये नोएडाजवळच्या निठारीत मुलांचे सांगाडे सापडले, तेव्हा गरीब आईबापांच्या तक्रारी कित्येक महिने गांभीर्याने घेतल्याच गेल्या नव्हत्या हे उघड झाले होते.

छातीत दुखते म्हणून माणूस रुग्णालयात गेला, की डॉक्टर आधी हृदयविकार समजूनच ईसीजी काढतात. बहुतेकदा ते पित्त निघते, पण पित्त समजून घरी पाठवण्याचा धोका कोणी पत्करत नाही. ‘अपहरणाचा गुन्हा’ हा तसाच ईसीजी आहे. तो निदानाआधी येतो आणि बातमी वाचणारे आपण त्यालाच निदान समजून बसतो.

मग मुले जातात तरी कुठे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ८३,३५० मुले हरवल्याची नोंद झाली. त्यांत ६२,९४६ मुली होत्या, म्हणजे जवळजवळ चारांपैकी तीन. त्याच वर्षी ८०,५६१ मुलांचा शोध लागला. या आकड्यात आधीच्या वर्षांत हरवलेली मुलेही असल्यामुळे दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही, तरी बहुसंख्य मुले सापडतात एवढे त्यातून नक्की दिसते. हा दिलासा आहे, पण जी सापडत नाहीत त्यांच्या घरच्यांना या दिलाशाचा काडीचा उपयोग नाही, हेही तितकेच खरे आहे.

हरवण्याची कारणे पाहिली, तर काळ्या गाडीतून आलेल्या अनोळखी टोळीचे चित्र फार थोड्या ठिकाणी जुळते. परीक्षेचा निकाल, घरातला मार, सावत्रपणा, दारू, नको असलेले लग्न, प्रेमप्रकरण, मुंबई पाहण्याची ओढ, वेगळ्या झालेल्या आईबापांची मुलाच्या ताब्यासाठी चाललेली ओढाताण, अशी कारणे पुन्हा पुन्हा दिसतात. तस्करीही होते आणि ती भयंकर असते, पण तिची सुरुवात अनेकदा ओळखीच्या माणसाने दाखवलेल्या नोकरीच्या किंवा लग्नाच्या आमिषाने होते. अगदी लहान मुलांच्या बाबतीत धोका बहुधा हाताच्या अंतरावर असतो. मार्च २०२४ मध्ये वडाळ्यातल्या महापालिकेच्या उद्यानातल्या पाण्याच्या टाकीत दोन लहान भाऊ मृतावस्थेत सापडले. त्याच वर्षी एप्रिलात अँटॉप हिलला खेळता खेळता दिसेनाशी झालेली दोन भावंडे जवळच उभ्या असलेल्या मोटारीत सापडली, तीही जिवंत नव्हती. ही दोन उदाहरणे लिहिताना हात जड होतो, पण ती सांगितलीच पाहिजेत, कारण लहान मूल दिसेनासे झाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत कुठे पाहायचे याचे उत्तर त्यांत आहे: पाण्याच्या टाक्या, उद्वाहनाचा खड्डा, उभ्या मोटारी, गच्ची, मीटरची खोली, बांधकामाचा खड्डा.

संशय एका समाजावरच का जातो

लोकल दोन स्थानकांच्या मध्ये थांबते आणि उद्घोषणा होत नाही, तेव्हा डब्यात काय होते ते आठवून पाहा. पाच मिनिटे सगळे गप्प असतात. मग एकजण म्हणतो, ओव्हरहेड वायर तुटली असेल. दुसरा म्हणतो, पुढे कोणीतरी गाडीखाली आले. दहाव्या मिनिटाला अख्खा डबा एका गोष्टीवर ठाम असतो, वास्तविक डब्यातल्या कोणालाही काहीच दिसलेले नसते. माहिती नसणे माणसाला सोसवत नाही आणि ती पोकळी जवळ असेल त्या साहित्याने भरली जाते.

मूल हरवलेल्या वस्तीत हे साहित्य म्हणजे आधीपासून साठलेला अविश्वास. पाण्याच्या नळावरून, सणाच्या मिरवणुकीवरून, फेरीवाल्यांच्या जागेवरून ज्यांच्याशी खटके उडाले आहेत, किंवा ज्यांची भाषा आणि पेहराव आपल्याला परका आहे, त्यांच्याकडे बोट आपोआप वळते. भीतीला चेहरा मिळाला की ती थोडी आटोक्यात आल्यासारखी वाटते, आणि मूल सापडत नसताना निदान दोषी तरी सापडला, याचे एक विपरीत समाधान मिळते. आमच्या गेटवर मी हेच पाहिले. गोणपाटाखाली मूल नव्हते हे पहिल्या दोन मिनिटांतच दिसले होते, तरी गर्दी पाऊण तास हटली नाही.

भटक्या आणि विमुक्त जमातींच्या बाबतीत या अविश्वासाला सरकारी शिक्का मिळाला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण ‘पोरे पळवणारे’ ही आईच्या धाकातली ओळख तशीच राहिली. जेवत नाहीस तर झोळीवाल्याला देऊन टाकीन, हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी लहानपणी ऐकले आहे आणि कितीजणांनी मोठेपणी आपल्या मुलांना सुनावले आहे, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

हे मुंबईतच घडते असे नाही

इटलीतल्या ट्रेंट शहरात १४७५ मध्ये एक लहान मुलगा बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह एका ज्यू कुटुंबाच्या घरातल्या पाण्यात आढळला आणि त्या कुटुंबाच्या लोकांनीच ते अधिकाऱ्यांना कळवले. तरीही ज्यूंनी धार्मिक विधीसाठी बळी दिल्याचा आरोप झाला, छळ करून कबुलीजबाब घेतले गेले आणि कित्येकांना ठार मारले गेले. त्या मुलाला संत मानण्याची प्रथा कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये बंद केली. एका अफवेला अधिकृतपणे पुसायला पाच शतके लागली.

अलीकडचे उदाहरण ऑक्टोबर २०१३ चे आहे. ग्रीसमधल्या फार्साला गावाजवळ रोमा, म्हणजे ज्यांना युरोपात ‘जिप्सी’ म्हणून हिणवले जाते त्या समाजाच्या वस्तीत, सोनेरी केसांची एक मुलगी पोलिसांना दिसली. काळसर वर्णाच्या आईबापांना अशी मुलगी कशी, म्हणजे ती पळवलेलीच असणार, अशी आरोळी युरोपभर उठली. जोडपे तिचे जन्मदाते नव्हते हे खरे, पण डीएनए तपासणीत तिचे जन्मदाते बल्गेरियातले रोमाच निघाले. ती बातमी ताजी असतानाच आयर्लंडमध्ये पोलिसांनी दोन रोमा कुटुंबांतून गोरीपान मुले उचलून नेली. तपासणीअंती दोन्ही मुले त्याच कुटुंबांची ठरली आणि पुढे सरकारला माफी मागावी लागली. मुले पळवण्याच्या भीतीपोटी तिथे प्रत्यक्षात मुले आईबापांपासून तोडली गेली ती पोलिसांकडून.

आपल्याकडे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. त्या काळात मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश देशभर फिरत होते. त्यांतली मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची जाहिरात होती, आणि मूल परत आणून सोडण्याचा तिचा शेवट कापून टाकलेला होता. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे कांदिवलीहून सुरतकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. त्या भागात चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. पुढच्या काही दिवसांत या घटनेला हिंदू-मुस्लिम रंग देणारे संदेश इतके पसरले, की तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांत एकही मुस्लिम नसल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. एका अफवेने माणसे मेली आणि त्यांच्या मृत्यूवर दुसरी अफवा पोसली गेली.

तणावाची किंमत हरवलेले मूल मोजते

माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे आणि चर्चेत तोच सुटतो. ‘अफवांमुळे निरपराधांना त्रास होतो’ एवढेच आपण म्हणतो, ते खरेच आहे, पण तणाव सगळ्यात आधी शोधकामाचा गळा घोटतो.

पोलीस ठाण्यात रात्रपाळीला माणसे मोजकीच असतात. दोन अधिकारी सीसीटीव्हीचे चित्रण पाहत असताना नाक्यावर दोनशे लोक जमले, की ते चित्रण तसेच ठेवून त्यांना बंदोबस्ताला जावे लागते. दुसरी हानी त्याहून मोठी आहे. ज्या वस्तीवर संशय घेतला जातो, तिथेच शेवटचे पाहणारे डोळे असण्याची शक्यता असते. नाल्यापलीकडचा पानवाला, रिक्षावाला, भंगारवाला हे लोक दिवसभर रस्त्यावर असतात, त्यांनी मुलाला जाताना पाहिलेले असते. आपल्या समाजावर गर्दी चाल करून येते आहे असे दिसताच दुकानाचे शटर खाली येते आणि त्याबरोबर दुकानावरचा कॅमेराही आपल्याला बंद होतो. तो माणूस साक्ष द्यायला पुढे येत नाही, कारण ‘मी पाहिले’ म्हणणाऱ्यालाच ‘तू तिथे काय करत होतास’ असे विचारले जाईल, हे त्याला पक्के ठाऊक असते. तिसरी गोष्ट अशी, की एकदा ‘टोळीने नेले’ यावर सगळ्यांचे एकमत झाले, की टाकी, गच्ची, उभ्या मोटारी आणि नातेवाइकांची घरे तपासायचे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

‘पण आरोपी खरोखरच त्या समाजाचा निघाला तर?’

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मुंबईसारख्या शहरात आरोपी कोणत्या ना कोणत्या समाजाचा, कोणत्या ना कोणत्या प्रांताचा असणारच. आपल्या समाजाचा आरोपी निघाला तर आपण त्याला नराधम म्हणतो, म्हणजे त्याला आपल्यातून वजा करतो. दुसऱ्या समाजाचा निघाला तर ‘हे लोक असेच’ म्हणतो, म्हणजे त्याला सगळ्यांत मिळवतो. हिशेबाची पद्धत दोन्हीकडे एकच ठेवली, तर गुन्हा करणाऱ्यालाच शिक्षा होते आणि शेजारचे दार ठोठावायची आपली सोय शाबूत राहते.

याच प्रश्नाचे एक नाजूक रूप सोळा-सतरा वर्षांची मुलगी दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर निघून जाते तेव्हा समोर येते. कायद्याने ती अल्पवयीन आहे, तिच्या संमतीला अर्थ नाही आणि अपहरणाचा गुन्हा होतोच. तिला परत आणणे, ती सुरक्षित आहे ना हे पाहणे आणि फसवणूक झाली असेल तर कारवाई करणे, हे सगळे आवश्यक आहे. मात्र पोलीस ठाण्याबाहेर दोन समाजांचे जमाव उभे राहिले, की त्या मुलीचे खरे म्हणणे कोणी ऐकत नाही, आणि परत आल्यावर तिला त्याच गल्लीत राहायचे असते हे सगळे विसरतात.

‘पोलीस काही करत नाहीत, म्हणून लोकांना उतरावे लागते’

पोलिसांकडून दिरंगाई होते, हे निठारीपासून दिसले आहे. पण दिरंगाईवरची औषधे कायद्यात आहेत आणि ती माहीत असणे गर्दीपेक्षा उपयोगी आहे. ‘चोवीस तास वाट पाहा’ असा कोणताही नियम मुलांच्या बाबतीत नाही. हद्द आमची नाही म्हणून पोलिसांना परत पाठवता येत नाही. झीरो एफआयआर, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवायचा गुन्हा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ११२ या क्रमांकाबरोबर मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक आहे, आणि १९९६ मध्ये त्याची सुरुवात याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून झाली. सापडलेल्या मुलाला पालक जवळ नसतील, तर चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते.

जमावासाठीही कायदा स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून कोणाची हत्या केली, तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा मृत्युदंड होऊ शकतो. ‘मी फक्त उभा होतो’ हा बचाव न्यायालयात किती टिकेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

भिवंडीचा अनुभवही इथे सांगण्यासारखा आहे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि हद्दीतला पोलीस नियमित भेटत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. अफवा आली की कोणाला फोन करून विचारायचे, हे तिथे आधीच ठरलेले होते.

संदेशात काय लिहावे

मुलाचा अलीकडचा फोटो, वय, अंगावरचे कपडे, शेवटचे कुठे आणि किती वाजता दिसले, पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा क्रमांक, पालकांचा दूरध्वनी आणि संदेश लिहिल्याची तारीख एवढे पुरे आहे. कोण दिसले होते याविषयीची माहिती असेल, तर ती गटावर टाकण्याऐवजी थेट तपास अधिकाऱ्याला द्यावी. मूल सापडल्यावर तोच संदेश ‘सापडले’ म्हणून पुन्हा पाठवावा आणि फोटो काढून टाकावा. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार पीडित मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे, आणि हरवलेले मूल कोणत्या प्रसंगातून गेले हे आपल्याला ठाऊक नसते.

मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी आपल्या हद्दीतल्या हरवलेल्या १६६ मुलींपैकी १६५ शोधून काढल्या होत्या. १६६ वी मुलगी जानेवारी २०१३ मध्ये सात वर्षांची असताना शाळेच्या वाटेवरून दिसेनाशी झाली. निवृत्त झाल्यावरही भोसले तिचा फोटो जवळ बाळगत. ती ऑगस्ट २०२२ मध्ये, सोळा वर्षांची झाल्यावर, आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडली. मूल हवे असलेल्या एका जोडप्याने तिला नेल्याचे पोलिसांनी सांगितले. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने तिची हकिकत ऐकून इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा नऊ वर्षांपूर्वीचे जुने पोस्टर निघाले. पोस्टरवर फोटो होता आणि खाली काही दूरध्वनी क्रमांक होते. त्यांतला जो अजून चालू होता, तो तिच्या घराशेजारी राहणाऱ्या माणसाचा होता.